सोयाबीनची दोन प्रथिने कॉलमवर वेगळी होईनात: गणिती मॉडेल कुठून सुरू करायचे?

दर्यापूर तालुक्यात कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडी करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. सोयाबीनच्या पिठातून काढलेल्या अर्कात कुनिट्झ ट्रिप्सिन इन्हिबिटर आणि बोमन-बर्क इन्हिबिटर अशी, पाचक विकरांना अडवणारी दोन प्रथिने आहेत. क्यू सेफारोज फास्ट फ्लो या रेझिनच्या, म्हणजे प्रथिने धरून ठेवणाऱ्या भारित मण्यांच्या, छोट्या कॉलमवर ती वेगळी करायची आहेत. त्यांनी मिठाचा ग्रेडियंट, म्हणजे प्रथिने सोडवायला हळूहळू चढवायचे मीठ, बदलला, फ्लो बदलला, पीएच बदलला, तरी दोन्ही शिखरे एकमेकांत घुसतात. गाइड म्हणतात, आता मॉडेल लावा. तर कोणते समीकरण घ्यावे, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि आतापर्यंत जमलेले सगळे क्रोमॅटोग्राम (रनचे आलेख) त्यात टाकले तर उत्तर निघेल का?

ताई, शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. नाही निघणार. सॉफ्टवेअर आकडे देईल, तुमच्या शिखरांवर रेघही चपखल बसवून दाखवेल, पण त्या आकड्यांवरून पुढचा प्रयोग सांगायला गेलात की फसाल. तुमच्या प्रत्येक रनमध्ये दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या आहेत आणि लोड, म्हणजे कॉलमवर घातलेले प्रथिन, दरवेळी भरपूर आहे. शिखर सरकले ते मिठामुळे, पीएचमुळे की गर्दीमुळे, हे त्या डेटातून कोणालाच सांगता येणार नाही. संगणकालाही नाही.

मॉडेलमध्ये आठ-दहा अज्ञात असतात आणि प्रत्येक अज्ञाताला त्याचा स्वतःचा प्रयोग लागतो. पुढचे सगळे सांगणे याच एका गोष्टीभोवती आहे. समीकरण कोणते, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे. समीकरणे तयार आहेत, फुकट आहेत, आणि आपल्याला ती नव्याने शोधायची नाहीत.

आधी कॉलम. तुम्ही लिहिलेल्या मापांवरून तुमचा कॉलम १ से.मी. व्यासाचा आणि १० से.मी. उंचीचा आहे, म्हणजे आकारमान ७.८५ मि.ली. यालाच पुढे एक सीव्ही (कॉलम व्हॉल्यूम) म्हणतो. मिनिटाला १ मि.ली. फ्लो ठेवला तर रिकाम्या कॉलमच्या हिशोबाने वेग ताशी सुमारे ७६ से.मी. पडतो. या ७.८५ मि.ली.मध्ये मण्यांच्या मधली जागा किती आणि मण्यांच्या आतल्या छिद्रांची जागा किती, हे दोन आकडे मॉडेलला सगळ्यांत आधी लागतात.

एकूण जागेसाठी एक टक्का ॲसिटोन बफरमध्ये मिसळून इंजेक्ट करा. २८० नॅनोमीटरला ते दिसते आणि सगळ्या छिद्रांत शिरते. मण्यांमधल्या जागेसाठी पुस्तकात ब्लू डेक्स्ट्रान लिहिलेले असते, कारण तो रेणू इतका मोठा असतो की छिद्रात जात नाही. पण तुमचा रेझिन ॲनायन एक्स्चेंजर, म्हणजे ऋणभारित रेणू धरणारा आहे आणि ब्लू डेक्स्ट्रानवरचा निळा रंग ऋणभारित असतो, तो तिथेच चिकटून बसेल. चाचणी करायचीच असेल तर १ मोलर मिठात करा, आणि जेवढा रंग टाकला तेवढा बाहेर आला का हे पाहा. कमी आला तर तो आकडा सोडून द्या. नीट भरलेल्या बेडमध्ये ही जागा साधारण ०.३५ ते ०.४० असते. मोजमाप त्याच्या फार बाहेर गेले तर समीकरणाकडे नंतर बघू, आधी कॉलम पुन्हा भरा.

ॲसिटोनच्याच शिखरावरून प्लेटा मोजा. प्लेटा हे कॉलमच्या कार्यक्षमतेचे माप, त्या जितक्या जास्त तितके शिखर अरुंद. बाहेर यायला लागलेल्या वेळेला शिखराच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीने भागा, वर्ग करा, ५.५४ ने गुणा. या रेझिनचा मणी सरासरी ९० मायक्रॉनचा असतो. एका प्लेटेची उंची तीन मण्यांएवढी आली तर १० से.मी.मध्ये सुमारे ३७० प्लेटा होतात, आणि हाताने भरलेल्या कॉलमसाठी ते चांगले आहे. शंभर-दीडशेच आल्या आणि शिखराला शेपूट असेल, तर तुमची दोन प्रथिने वेगळी न होण्याचे अर्धे कारण तिथेच सापडले. अशा कॉलमचे मॉडेल करण्यात वेळ घालवू नका.

आता कॉलमबाहेरची जागा. याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. ०.७५ मि.मी. आतल्या व्यासाची एक मीटर नळी म्हणजे ०.४४ मि.ली., त्यावर मिक्सर, लूप, डिटेक्टर. समजा मिक्सरपासून कॉलमच्या तोंडापर्यंत ३ मि.ली. आहेत. ५०० मिलिमोलरचा ग्रेडियंट ५ सीव्हीत चढवला तर मीठ दर मि.ली.ला सुमारे १३ मिलिमोलरने वाढते, आणि ३ मि.ली.च्या उशिरामुळे तुमचा आकडा ३८ मिलिमोलरने चुकतो. तोच ग्रेडियंट ३० सीव्हीत चढवला तर चूक फक्त ६ मिलिमोलरची. प्रत्येक रनमध्ये चूक सारखीच असती तर चालून गेले असते. इथे ती रनगणिक बदलते आणि पुढे ज्या उतारावरून आपण भार काढणार आहोत तो उतारच वाकडा करते. म्हणून पंपावर लिहिलेला बी (जास्त मिठाच्या) बफरचा टक्का घेऊ नका, कॉलमच्या बाहेर बसवलेल्या कंडक्टिव्हिटी सेलचे वाचन घ्या. कॉलम काढून दोन्ही नळ्या थेट जोडा, ॲसिटोन सोडा, आणि बाहेरच्या जागेचे शिखर वेगळे नोंदवून ठेवा. मॉडेलमध्ये ती जागा कॉलमच्या आधी आणि नंतर वेगळी टाकायची असते.

कॉलम असा मोजून झाला की प्रथिनांकडे वळा.

पहिले मॉडेल एक्सेलमध्ये होते. जपानच्या यामामोटो यांनी १९८० च्या दशकात मांडलेली पद्धत आहे. लोड अगदी कमी ठेवायचा, म्हणजे काही मि.ग्रॅ. दर मि.ली.चे ०.१ मि.ली. द्रावण पुरे. सुरुवातीचे मीठ कमी ठेवायचे, म्हणजे प्रथिन आधी घट्ट धरले जाईल. मग तोच मिठाचा पल्ला ५, १०, २० आणि ३० सीव्हीत चढवायचा आणि प्रत्येक वेळी शिखराच्या टोकाला मीठ किती होते ते टिपायचे. ग्रेडियंटची तीव्रता उभ्या अक्षावर, शिखराचे मीठ आडव्यावर, दोन्हींचे लॉगॅरिदम घेतले की सरळ रेघ येते. तिच्या उतारातून एक वजा केला की जो आकडा उरतो तो त्या प्रथिनाचा बंधनभार, म्हणजे रेझिनला ते सरासरी किती जागी धरते. रेघ अक्षाला जिथे छेदते तिथून बंधनाची ताकद निघते.

रेघ काढायला दोन बिंदू तरी लागतात, हे शाळेतले गणित. एकाच ग्रेडियंटवर फिट केले तर समीकरण एक आणि अज्ञात दोन. भार ३ आणि ताकद जास्त, किंवा भार ५ आणि ताकद कमी, दोन्ही जोड्या तेच शिखर तिथेच देतील. तुमचे जुने क्रोमॅटोग्राम टाकून उत्तर निघणार नाही म्हणालो ते याचसाठी.

या साध्या रेघेतून केवढे कळते ते पाहा. समजा १० सीव्हीच्या ग्रेडियंटमध्ये दोन्ही प्रथिने नेमकी २०० मिलिमोलरलाच बाहेर येतात, एकावर एक. एकाचा बंधनभार ४ आहे, दुसऱ्याचा २. ग्रेडियंट दुप्पट लांब, म्हणजे २० सीव्हीचा केला, तर पहिले १७४ मिलिमोलरला येईल आणि दुसरे १५९ ला. दर सीव्हीला २५ मिलिमोलर चढत असताना १५ मिलिमोलरचे अंतर म्हणजे ०.६ सीव्ही, तुमच्या कॉलमवर साडेचार मि.ली.हून जास्त. उलट ग्रेडियंट ५ सीव्हीचा केला तर पहिले २३० ला आणि दुसरे २५२ ला येईल. क्रमच उलटला, आणि अंतर उरले जेमतेम ०.२२ सीव्ही. पाच सीव्हीवरून दहावर येताना शिखरे जवळ आली म्हणून घाबरून मागे फिरलात, तर वीसवर ती दुसऱ्या बाजूने वेगळी झालेली तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. 'ग्रेडियंट बदलून पाहिला, फरक नाही' असे म्हणणाऱ्या पुष्कळांचे हेच झालेले असते.

दोघांचे भार सारखेच निघाले तर मात्र ही युक्ती चालणार नाही. तेव्हा ग्रेडियंटची तीव्रता निम्मी केल्याने वेगळेपणा दुप्पट होत नाही, वर्गमुळात वाढतो, म्हणजे १.४ पट. शिवाय वेळ दुप्पट आणि माल पातळ. भार सारखे असतील तर पीएच बदला किंवा रेझिन बदला. गणिताने तिथे चमत्कार होणार नाही, आणि तसा दावा करणाऱ्या शोधनिबंधांकडे मी जरा संशयानेच पाहतो.

या टप्प्यासाठी शुद्ध प्रथिने थोडी विकत घ्या. दोन्ही रसायन कंपन्यांकडे मिळतात, महाग आहेत, पण या लोडला फार लागत नाहीत. अर्कातले कोणते शिखर कोणाचे हे ओळखायला आणखी एक स्वस्त उपाय आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा एनआरसी १२७ हा वाण कुनिट्झ इन्हिबिटर नसलेला आहे. त्याचे मूठभर बियाणे मिळवा, तुमच्याकडच्या जेएस ३३५ सारखाच अर्क काढा आणि त्याच ग्रेडियंटवर चालवा. जे शिखर गायब झाले ते कुनिट्झचे. फ्रॅक्शन (बाहेर येताना गोळा केलेले भाग) तपासताना नुसत्या ट्रिप्सिनवर भागणार नाही, कारण दोन्ही प्रथिने ट्रिप्सिनला अडवतात. किमोट्रिप्सिनला जोरात अडवते ते बोमन-बर्क. दोन्ही चाचण्या लावा.

अर्काबद्दल दोन शब्द. पीठ हेक्झेनने थंडच धुवा, अर्क काढा, मग पीएच ४.५ ला आणून ग्लायसिनिन आणि कॉन्ग्लायसिनिन साका होऊन खाली बसू द्या. ही साठवणीची प्रथिने वर राहिली तर कॉलमची अर्धी जागा तीच खातील आणि तुमच्या मॉडेलमध्ये त्यांचा पत्ताच नसेल. वरचे निवळ पाणी कॉलमवर घालण्यापूर्वी पीएच आणि मीठ सुरुवातीच्या बफरइतके करून घ्या. साका केल्यावरही लेक्टिनसारखी काही प्रथिने निवळीत राहतात, तेव्हा मॉडेलमध्ये दोनच घटक धरून चालणार नाही. शिल्लक प्रथिनांसाठी एक-दोन नकली घटक धरा आणि त्यांना त्यांच्या जागी बसवा.

अजून एक गफलत खूप ठिकाणी दिसते. मॉडेल मि.ग्रॅ. किंवा मोलमध्ये चालते, डिटेक्टर २८० ला शोषण दाखवतो. कुनिट्झमध्ये ट्रिप्टोफॅन आहे. बोमन-बर्कमध्ये ट्रिप्टोफॅन मुळीच नाही, दोन टायरोसीन काय ते आहेत. तेवढ्याच मि.ग्रॅ.ला त्याचे शिखर ठेंगणे दिसते. शिखराचे क्षेत्रफळ म्हणजे वस्तुमान असे धरून फिट केले, तर मॉडेल बोमन-बर्कला उगाच कमी मोजेल आणि तुमची शुद्धता कागदावरच वाढेल. प्रत्येक प्रथिनाची प्रमाणरेषा वेगळी काढा. जमले तर २१५-२२० ला दुसरी वाहिनी ठेवा, तिथे पेप्टाइड बंध दिसतात आणि फरक कमी होतो.

शिखर कुठे येते हे बंधनावरून ठरते. ते किती रुंद होते हे मुख्यतः छिद्रांतल्या संथ फिरण्यावरून. कमी लोडला फ्लो दुप्पट केला तरी शिखराचे मीठ हलत नाही, रुंदी वाढते. म्हणून जागेवरून बंधनाचे आकडे काढायचे आणि रुंदीवरून विसरणाचे, म्हणजे रेणूंच्या पसरण्याचे. दोन्ही एकाच फिटमध्ये मोकळे सोडू नका.

रुंदीसाठी प्रथिन १ मोलर मिठात सोडा, म्हणजे ते चिकटणार नाही, आणि तीन-चार फ्लोला चालवा. प्लेटेची उंची वेगाशी जोडणाऱ्या वान डीम्टर यांच्या १९५६ च्या समीकरणात तीन पदे आहेत. प्रथिनांच्या बाबतीत लांबीच्या दिशेचे विसरण नगण्य असते, त्यामुळे प्लेटेची उंची वेगाबरोबर जवळजवळ सरळ रेघेत वाढते आणि तिच्या उतारातून छिद्रातले विसरण मिळते. कुनिट्झ सुमारे २० किलोडाल्टनचे, बोमन-बर्क सुमारे ८ चे. पाण्यात कुनिट्झसारख्याचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे १० चा उणे दहावा घात चौरस मीटर, ॲसिटोनचा त्याच्या दसपट. म्हणून ॲसिटोनचे सुंदर शिखर बेड चांगला भरल्याचे प्रमाणपत्र आहे, प्रथिनाचे शिखर अरुंद येईल याची हमी नाही. मण्याच्या पृष्ठाभोवतीच्या पातळ थरातून होणारा प्रवास मोजू नका. विल्सन आणि गीनकोप्लिस यांचे १९६६ चे सूत्र त्याला पुरते, आणि या मण्यांत त्याचा वाटा लहानच असतो.

इथपर्यंत कमी लोड. पण तुम्हाला माल वेगळा करायचा आहे, नुसते शिखर पाहायचे नाही, म्हणजे लोड वाढणार आणि प्रथिने जागेसाठी भांडणार. लँगम्युअरचे समीकरण इथे सोपे वाटते, पण त्यात मीठ नाही. ब्रूक्स आणि क्रेमर यांनी १९९२ मध्ये मांडलेले स्टेरिक मास ॲक्शन मॉडेल घ्या. त्याची कल्पना अशी. बाजार समितीच्या आवारात कापसाने भरलेली गाडी उभी असते. चाके टेकतात चार जागी, पण दोन्ही बाजूंना फुगलेला कापूस आणखी कितीतरी जागा झाकतो, तिथे दुसरी गाडी लावता येत नाही. चाके म्हणजे बंधनभार, झाकलेली जागा म्हणजे स्टेरिक घटक. रेझिनवरची एकूण जागा भागिले या दोघांची बेरीज, एवढीच जास्तीत जास्त प्रथिने मावतात.

एकूण जागा, म्हणजे रेझिनची आयनिक क्षमता, कागदावर या रेझिनसाठी दर मि.ली.ला ०.१८ ते ०.२४ मिलिमोल लिहिलेली असते. तुमच्या कॉलमची मोजून घ्या. १ मोलर मिठाने कॉलम क्लोराइडने पूर्ण भरा, शुद्ध पाण्याने धुवा, सोडियम नायट्रेटने क्लोराइड बाहेर ढकला आणि बाहेर आलेले सगळे सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करा. तुमच्या रसायन विभागात विहिरीच्या पाण्यातले क्लोराइड याच पद्धतीने काढतात, ब्युरेटही तीच चालेल. फक्त धुण्याचे पाणी पाहून घ्या. दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा, बोअरचे पाणी खारे. तिथल्या डिस्टिलेशन युनिटमधून किंवा आरओमधून आलेल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी रोज सकाळी न मोजता बफर करणे म्हणजे ग्रेडियंटची सुरुवात कुठून झाली हेच ठाऊक नसणे.

०.२ मिलिमोल क्षमता, भार ४ आणि स्टेरिक घटक २० धरला, तर मि.ली.ला ८.३ मायक्रोमोल, म्हणजे २० किलोडाल्टनच्या प्रथिनाचे सुमारे १६७ मि.ग्रॅ. मावतील. हे उदाहरणाचे आकडे आहेत. तुमचा स्टेरिक घटक काढायला दोन रन लागतात. एका रनमध्ये प्रथिन कॉलममधून वाहून बाहेर येईपर्यंत घालत राहायचे, दुसऱ्यात भरपूर लोड करून ग्रेडियंट द्यायचा. बाकीचे सगळे आकडे आधीच मिळालेले असल्याने फिटमध्ये आता फक्त हा एकच घटक मोकळा सोडा. आकडा पटकन बसेल आणि तो खरा असेल.

आता कुठे सॉफ्टवेअर. जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राचे कॅडेट फुकट आहे, मुक्त स्रोताचे आहे, पायथनमधून चालवता येते, आणि तुमच्या साध्या लॅपटॉपवर एक ग्रेडियंट काही सेकंदांत सुटतो. त्यात जनरल रेट मॉडेल (कॉलममधला आणि छिद्रांतला प्रवास मांडणारे) आणि स्टेरिक मास ॲक्शन दोन्ही तयार आहेत. स्वतः कोड लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, शिकायला मिळते. पण एक सापळा लक्षात ठेवा. कॉलमचे तुकडे करून साध्या पहिल्या दर्जाच्या पद्धतीने सोडवले, तर शंभर तुकडे म्हणजे आपोआप शंभर प्लेटा. मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ मध्ये जो प्लेटांचा सिद्धांत मांडला, आणि ज्यांच्या क्रोमॅटोग्राफीच्या कामाला १९५२ चे नोबेल मिळाले, त्यांचेच गणित इथे मागच्या दाराने येते. तुमचा खरा कॉलम ३७० प्लेटांचा आणि मॉडेल शंभराचे, मग रुंदी जुळवायला फिट विसरणाचा गुणांक फुगवून ठेवणार. तुकडे दुप्पट करून पाहा. शिखर अरुंद झाले तर तुकडे अजून कमीच आहेत.

मॉडेल बसले की लगेच त्यावर विश्वास ठेवू नका. फिटमध्ये न वापरलेला एक रन आधीच बाजूला काढून ठेवा, शक्यतो वेगळ्या जातीचा, म्हणजे ग्रेडियंटऐवजी मिठाच्या पायऱ्यांचा, निम्म्या फ्लोचा, मधल्या लोडचा. मॉडेलला तो आधी भाकीत करू द्या, मग प्रयोग करा. आर-वर्ग ०.९९ आला म्हणून खूश होऊ नका. बेसलाइनचे शेकडो बिंदू तो आकडा फुगवतात. शिखराची जागा, उंची, आणि पहिल्याची शेपूट दुसऱ्याच्या पोटात किती शिरते, हे तीन पाहा. शुद्धता त्या शेपटीत ठरते.

मग ऑप्टिमायझेशन, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. इथे काय हवे ते तुम्हालाच ठरवावे लागते. शुद्धता ९५ टक्के हवी, उतारा जास्तीत जास्त हवा आणि वेळही कमी लागावा, हे तिन्ही एकदम मिळत नाही. शुद्धता अट म्हणून बांधून टाका आणि दर तासाला दर मि.ली. रेझिनमागे किती मि.ग्रॅ. माल मिळतो ते वाढवा. हलवायच्या गोष्टी चार: लोड, सुरुवातीचे मीठ, ग्रेडियंटची लांबी, आणि फ्रॅक्शन कुठून कुठपर्यंत गोळा करायचे. चौथी फुकटची आहे. रन बदलावा लागत नाही, फक्त कापण्याची जागा बदलते, तरी बहुतेकांचे लक्ष तिच्याकडे सगळ्यांत शेवटी जाते.

संगणक जो बिंदू काढून देईल तो जवळपास नेहमी कड्यावर असतो. लोड एवढा की अजून जरा वाढवला तर शुद्धता ९५ च्या खाली जाईल. कागदावर तो उत्तम, प्रत्यक्षात निकामी. म्हणून सुरुवातीचे मीठ एक-दोन मिलिमोलरने, पीएच ०.१ ने, लोड दहा टक्क्यांनी, अर्कातले दोघांचे प्रमाण थोडे इकडेतिकडे करून मॉडेल शे-दोनशे वेळा चालवा. लॅपटॉपला रात्रभराचे काम आहे. बहुतेक वेळा अट पाळली जाते असा बिंदू निवडा, मग उत्पादन थोडे कमी पडले तरी चालेल. सोयाबीन हे शेतातून येणारे बियाणे आहे. एका हंगामात पावसाने ओढ दिली, दुसऱ्यात काढणीला भिजले, की अर्क बदलतो. औषध कंपनीतल्या पेशींच्या टाकीसारखा एकसारखा माल तुम्हाला कधीच मिळणार नाही, तेव्हा हलवण्याचा पल्ला त्यांच्याहून मोठा धरा.

तापमानावर मुद्दाम थोडे जास्त लिहितो, कारण पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. सकाळी एसीच्या खोलीत २५ अंशांना पीएच ८.० लावला आणि दुपारी वीज गेल्यावर कॉलम ४० अंशांना चालला, तर आत पीएच ७.६ च्या आसपास आहे. दोन्ही प्रथिनांचा ऋणभार थोडा उतरला आणि तुमची मे महिन्यातली शिखरे डिसेंबरच्या जागेवरून हलली. त्याच १५ अंशांत पाण्याची चिकटाई ०.८९ वरून ०.६५ सेंटिपॉइझवर येते आणि विसरण सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, म्हणजे रुंदीही बदलते. कंडक्टिव्हिटी दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी चढते, आणि मीटरला तापमानाची दुरुस्ती नसेल तर मिठाचा आकडाच ३० टक्क्यांनी फसवतो. हिवाळ्यात बसवलेले मॉडेल उन्हाळ्यात चालत नाही यात मॉडेलचा काय दोष? पीएचची हालचाल टाळायला फॉस्फेट घ्यावे असा मोह होईल. या रेझिनवर तो नको, फॉस्फेट स्वतःच ॲनायन आहे आणि प्रथिनांची जागा अडवतो. साधा उपाय करा: कॉलमला पाण्याचे जॅकेट, बफर आणि कॉलम एकाच तापमानाला, आणि पीएच त्याच तापमानाला लावलेला. जॅकेट मिळत नसेल तर सगळे मोजमाप एकाच ऋतूत उरका आणि प्रत्येक रनच्या वहीत तापमान लिहा.

विजेचेही तेच. ३० सीव्हीचा ग्रेडियंट म्हणजे सुमारे २३५ मि.ली., मिनिटाला १ मि.ली.ने चार तास. मध्ये पंप थांबला तर शिखर कॉलमच्या आत उभ्या जागी पसरत राहते. वीज आल्यावर ग्रेडियंट पुढे सरकतो, क्रोमॅटोग्राम दिसायला ठीक दिसतो, आणि फिटमध्ये विसरणाचा आकडा बिघडतो. असा रन माल म्हणून वापरा, डेटा म्हणून नाही. इन्व्हर्टरवर पंप, डिटेक्टर आणि कंडक्टिव्हिटी मीटर ठेवा. फ्रॅक्शन कलेक्टर जागेवर बसला नाही तर हाताने नळ्या बदलता येतात.

तुम्ही शेवटी विचारले होते की एवढे न करता प्रयोगांची आखणी करून नुसते रिग्रेशन का लावू नये. लावा, हरकत नाही. याच कॉलमवर, याच पल्ल्यात उत्तम बिंदू शोधायचा असेल तर ते लवकर होते. पण कॉलम २० से.मी.चा केला, किंवा उद्या एखादी शेतकरी उत्पादक कंपनी सोयाचे निवळ पाणी घेऊन आली आणि लिटरभराचा कॉलम भरावा लागला, तर रिग्रेशनचे गुणांक तिथे कामाचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बंधनभार, बंधनाची ताकद, स्टेरिक घटक आणि छिद्रातले विसरण मात्र तेच राहतात. बदलतात ती बेडची उंची, प्लेटा आणि कॉलमबाहेरची जागा, आणि ती दोन ॲसिटोन रनमध्ये मोजून होतात.

तेव्हा या आठवड्यात कॅडेट उतरवून घेऊ नका. ॲसिटोनचा रन, कॉलमशिवायचा रन, आयनिक क्षमतेचे टायट्रेशन आणि कुनिट्झचे चार ग्रेडियंट एवढे करा. वहीत प्रत्येकासमोर तापमान, पाण्याची कंडक्टिव्हिटी आणि शिखराच्या टोकाचे मीठ लिहा. लॉगॅरिदमची रेघ सरळ आली नाही, विशेषतः ५ सीव्हीचा बिंदू बाजूला पडला, तर आधी मिक्सरपासून कॉलमपर्यंतची नळी आणि यूव्ही-कंडक्टिव्हिटी सेलमधले अंतर तपासा. बोमन-बर्कचे ग्रेडियंट त्यानंतर. त्याचे एकाहून जास्त आयसोफॉर्म (थोडी वेगळी रूपे) असतात, शुद्ध म्हणून घेतलेल्या नमुन्यातही दोन-तीन खांदे दिसू शकतात, आणि ते दिसले तर त्याला एकच घटक न धरता प्रत्येक खांद्याची रेघ वेगळी काढावी लागेल.